तीन महिन्यांची उधारी

मालिकेतल्या पहिल्या दिवसाच्या कामाचा पैसा हातात पडायला साधारण चार महिने लागतात. एवढी एक गोष्ट कुणी आधी नीट बसवून सांगितली असती, तर मुंबईत आलेल्या कितीतरी नटनट्यांचे पहिले सहा महिने वेगळे गेले असते. स्ट्रगल म्हटलं की लोकांना ऑडिशनच्या रांगा आठवतात. त्या असतातच. पण खरी दमछाक सुरू होते ती काम मिळाल्यावर. प्रोमो झळकलेला असतो, गावाकडे पेढे वाटून झालेले असतात, आणि इकडे गोरेगावच्या खोलीचं भाडं द्यायला मित्राकडे हात पसरायची वेळ आलेली असते. हे कुणाला सांगताही येत नाही. टीव्हीवर रोज दिसणाऱ्या माणसाकडे पैसे नाहीत, यावर विश्वास कोण ठेवणार?

टीव्हीच्या धंद्यात नव्वद दिवसांचं क्रेडिट ही जुनी रीत आहे. हिशेब मांडून बघू. समजा, 'पर डे' पाच हजार ठरला. शूट 5 जूनला सुरू झालं आणि जूनमध्ये सोळा दिवस भरले. झाले ऐंशी हजार. महिनाअखेरीला बिल लागतं, नव्वद दिवस तिथून मोजायचे. म्हणजे सप्टेंबर संपता संपता किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खात्यात बहात्तर हजार येतात. आठ हजार टीडीएस. तोवर जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरही तसेच सोळा-सोळा दिवसांचे गेले असतील, तर पहिला रुपया मिळायच्या आदल्या दिवशी नटाचे निर्मात्याकडे तीन लाख वीस हजार अडकलेले असतात. महिन्याला ऐंशी हजार कमावणारा माणूस तीन लाख वीस हजार बिनव्याजी वापरायला देऊन बसलेला असतो, आणि स्वतः मात्र क्रेडिट कार्डवर छत्तीस ते चाळीस टक्के व्याज भरत असतो.

यात निर्माता दरवेळी खलनायकच असतो असंही नाही. चॅनलकडून त्याला पैसे येतात तेही भाग दाखवून झाल्यावर, बिल पास झाल्यावर. मधल्या काळात सेटचं भाडं, लाइट, कॅमेरा, जेवण, गाड्या सगळं त्यालाच चालवायचं असतं. बरेचदा तोही व्याजाने पैसे उचलतो. पण साखळीच्या शेवटी उभा असलेला नट कुणाकडून उचलणार? म्हणून मालिका मिळाल्याचा फोन आला की पहिला प्रश्न 'भूमिका काय' हा असू द्या, पण दुसरा 'पेमेंट किती दिवसांनी' हाच हवा. आणि हातात पाच ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका. मुंबईत भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो, दलाली बहुतेकदा एका महिन्याच्या भाड्याइतकी, अनामत वेगळी. म्हणजे खोलीत पाऊल टाकण्याआधीच तीन-चार महिन्यांचं भाडं एकरकमी जातं. एकट्या राहणाऱ्या नटनट्यांना काही सोसायट्या सरळ नाही म्हणतात, ते आणखी वेगळं.

नोकरी सोडण्याचा हा प्रश्न पूर्वी नव्हता. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं मराठी नट बँकेत, विमा कंपनीत, मंत्रालयात, बेस्टमध्ये नोकरी करायचा, संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवार नाटकाचे प्रयोग, आणि दूरदर्शनची तेरा भागांची मालिका रजा टाकून. पगार पहिल्या तारखेला यायचाच. 1999 मध्ये अल्फा मराठी आलं, 2000 मध्ये ई टीव्ही मराठी, 2008 मध्ये स्टार प्रवाह, 2018 मध्ये सोनी मराठी. दैनंदिन मालिकांचा कारखाना उभा राहिला आणि तो महिन्याचे वीस-पंचवीस दिवस मागू लागला. नोकरी सांभाळून हे होणं अशक्य. काम वाढलं, ओळख वाढली, पण पहिल्या तारखेचा पगार गेला. एकीकडे पूर्णवेळ नोकरीचे तास आणि दुसरीकडे फ्रीलान्सरची अनिश्चितता, असा हा दोन्हीकडून तोट्याचा सौदा आहे. तरीही लोक तो आनंदाने करतात, कारण नाटकाच्या नाइटवर, म्हणजे एका प्रयोगाच्या मानधनावर, घर चालत नाही.

आता कराराकडे. करार बहुतेक वेळा इंग्रजीत असतो, वीस-पंचवीस पानांचा, आणि तो लूक टेस्ट झाल्यावर, कधीकधी शूट सुरू झाल्यावर, 'लगेच सही करून पाठवा' म्हणून येतो. तेव्हा नकार देण्याची हिंमत कुणात नसते हे समोरच्याला पक्कं माहीत असतं. तरी चार कलमं वाचाच. पहिलं, महिन्याला किमान किती दिवसांची हमी आहे. हे लिहिलेलं नसेल तर 'पर डे' कितीही मोठा असो, त्याला अर्थ नाही. दहा हजार पर डे आणि महिन्यात चार दिवस, यापेक्षा चार हजार पर डे आणि पंधरा दिवसांची हमी केव्हाही बरी. हमीचे दिवस भरले नाहीत तरी पैसे मिळतील की पुढच्या महिन्यात 'अ‍ॅडजस्ट' होतील, हेही त्यातच बघायचं. 'अ‍ॅडजस्ट' शब्द दिसला की हमी गेली असं समजा.

दुसरं कलम एक्स्क्लुझिव्हिटीचं. मुख्य जोडीला दुसऱ्या चॅनलवर काम करता येत नाही हे समजण्यासारखं आहे. पण दुय्यम भूमिकेलाही तेच कलम चिकटवलेलं असतं, आणि किमान दिवसांची हमी मात्र नसते. म्हणजे आम्ही बोलावणार नाही आणि दुसऱ्याकडेही जायचं नाही. हे कलम मागितलं तर काढतात, पण मागावं लागतं. नाटक, वेब सिरीज, जाहिरात, समाजमाध्यमांवरचं पेड काम, सुपारी या प्रत्येकाला परवानगी लागते का, हे स्पष्ट लिहून घ्या. सुपारी म्हणजे दहीहंडी, नवरात्र, दुकानाचं उद्घाटन, हळदीकुंकवाचा कार्यक्रम. यात पैसा लगेच मिळतो, बरेचदा त्याच दिवशी. नव्वद दिवसांच्या दुष्काळात अनेकांची घरं सुपाऱ्यांवर चालतात, आणि काही करारांत त्यातलाही वाटा चॅनलला द्यावा लागतो.

तिसरं, बाहेर पडायचं कलम. नटाला सोडायचं असेल तर एक ते तीन महिन्यांची नोटीस. निर्मात्याला काढायचं असेल तर 'तत्काळ'. ही विषमता जवळपास प्रत्येक करारात असते. ती पूर्ण जाणार नाही, पण 'काढल्यास झालेल्या कामाचे पैसे अमुक दिवसांत' एवढं वाक्य घालून घेता येतं. लग्न, बाळंतपण, आजारपण, अपघात यांबद्दल काय लिहिलंय तेही इथेच सापडेल. बहुतेकदा काहीच लिहिलेलं नसतं, आणि तेच सगळं सांगून जातं.

चौथं कलम पुनर्प्रक्षेपणाचं. सर्व माध्यमांतले, सर्व जगातले, कायमचे हक्क निर्मात्याचे किंवा चॅनलचे, असं एक लांबलचक वाक्य असतं. 28 मार्च 2020 पासून दूरदर्शनने 1987 ची 'रामायण' मालिका पुन्हा दाखवायला घेतली आणि खासगी वाहिन्यांनीही जुने भाग काढले, तेव्हा या वाक्याचा अर्थ अनेकांना पहिल्यांदा कळला. मालिका परत चालते, जाहिराती परत येतात, आणि नट घरी बसून स्वतःलाच फुकट बघतो. आपल्याकडे पुनर्प्रक्षेपणाचं मानधन मिळण्याची पद्धत रुजलेली नाही. नव्या नटाला हे कलम बदलून मिळणार नाही. पण पर डे ठरवताना आपण काय काय विकतोय हे ध्यानात असावं.

करारातल्या 'एक दिवस' या शब्दाचीही गंमत आहे. दिवस म्हणजे बारा तासांची शिफ्ट. सकाळी सातचा कॉल म्हणजे घोडबंदर रोडच्या बंगल्यावर सातला हजर, म्हणजे बोरिवलीहून साडेपाचला निघणं. सेट मढला असेल तर पावसाळ्यात आणखी आधी. मेकअप, केस, साडी यात पाऊण ते सव्वा तास. त्यानंतर कळतं की आपला पहिला सीन दुपारी तीनला आहे, कारण सकाळचे सीन ज्येष्ठ नटाच्या नाटकाच्या प्रयोगामुळे आधी उरकायचे आहेत. त्याचा रात्री साडेआठचा प्रयोग गडकरी रंगायतनला, म्हणजे त्याला चारला सोडावं लागणार. मग आपण पूर्ण साजशृंगारात, पिना टोचत, खुर्चीवर. वाट बघण्याचे पैसे त्याच पर डेमध्ये आले. आदल्या रात्री अकराला 'उद्याचा कॉल कॅन्सल' असा मेसेज आला, तर त्या दिवसाचं काहीच मिळत नाही, आणि त्या दिवसासाठी नाकारलेलं दुसरं कामही गेलं. 'चोवीस तासांच्या आत कॉल रद्द झाल्यास अर्धा दिवस' हे वाक्य करारात असलेले नट हाताच्या बोटांवर मोजता येतील. ते वाक्य मागायला मात्र काही लागत नाही.

दिवसभरात साधारण वीस ते बावीस मिनिटांचं फुटेज निघालं पाहिजे. म्हणजे रोज एक भाग. संवादाचे कागद सेटवर येतात किंवा सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर. आधी मास्टर, म्हणजे सगळ्यांचा एकत्र शॉट, मग सजेशन, म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा, मग एकेकाचे क्लोज. आठ माणसांचा कौटुंबिक सीन असेल तर आठही जणांचे क्लोज, आणि कुणी 'काय!' म्हटलं की प्रत्येकाची प्रतिक्रिया निराळी. त्यात दोन पानांचा संवाद पाठ करून तो चुकवायचा नाही. ज्याला एकपाठी स्मरणशक्ती आहे त्याला सेटवर अभिनयापेक्षा जास्त मान असतो, आणि ते योग्यही आहे. एका नटाचे दहा रिटेक म्हणजे पन्नास माणसांचं जेवण उशिरा. नाटकातून आलेल्यांना दोन गोष्टी पहिल्या महिन्यात छळतात. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची सवय लेपल माइकला सोसत नाही. आणि भावनेचा चढ एका दमात गाठायची सवय इथे मोडावी लागते, कारण मास्टरमध्ये रडल्यावर अडीच तासांनी, जेवण करून, क्लोजमध्ये तेवढंच रडायचं असतं. तेव्हा ग्लिसरीन. ते डोळ्यात नाही, डोळ्याखाली हलकेच लावायचं. जास्त झालं की डोळे लाल होतात आणि पुढच्या सीनमध्ये, जो कथेत आदल्या दिवशीचा आहे, तो लालपणा दिसतो.

लग्नाचा सीक्वेन्स पाच-सहा दिवस चालतो. सहाही दिवस तीच साडी, तेच दागिने, तोच हार. हार ताजा नसतो, साडी धुतलेली नसते. कंटिन्युइटीसाठी घामाचा डागसुद्धा जपायचा. हळदीच्या सीनमधली हळद दिव्यांखाली सुकून कातडी ओढते, म्हणून जाणती मेकअप दादा मंडळी आधी तेलाचा किंवा मॉइश्चरायझरचा हात देतात. पावसाचा सीन टँकरच्या पाण्यावर होतो आणि तो नेमका जानेवारीतल्या रात्री लागतो. अशा रात्रीसाठी बॅगेत कोरडे कपडे, जाड टॉवेल, ओआरएस आणि स्वतःची औषधं हवीतच. प्रॉडक्शनच्या पेटीत बहुधा डोकेदुखीची गोळी आणि चिकटपट्टी एवढंच निघतं.

शरीराचे जे हाल होतात ते ठरावीक असतात, त्यामुळे आधीच ओळखता येतात. बंगल्यातल्या सेटवर तीस-चाळीस बायकांना एखादंच धड शौचालय. नऊवारी सोडून पुन्हा नेसायला अर्धा तास जातो म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ही सेटवरची नेहमीची तक्रार होऊन बसते. दिवसातून चौदा तास मेकअप राहिल्याने पुरळ. सततच्या चुकीच्या वेळच्या जेवणाने आम्लपित्त. आणि कंबर, कारण सेटवर खुर्च्या मोजक्या आणि दागिने जड. ज्या अभिनेत्री तीस-तीस तास सलग काम केल्याचं अभिमानाने सांगतात, त्यांच्याबद्दल आदर बाळगूनही म्हणावंसं वाटतं की हा मोठेपणा नव्हे. दोन शिफ्टमध्ये किमान बारा तासांचं अंतर मागणं हा नखरा नाही. रात्री एकला पॅक-अप आणि सकाळी सातचा कॉल यात झोप साडेतीन तासांची होते, आणि पहाटे स्वतः गाडी चालवत घोडबंदरला येणं ही खरी जोखीम आहे. रात्री दहानंतर पॅक-अप झालं तर प्रॉडक्शनची गाडी, हे करारात घालून घ्या.

एवढी घाई का असते? कारण 'बँक' संपलेली असते. बँक म्हणजे तयार भागांची शिल्लक. मालिका सुरू होताना दहा-पंधरा भाग हातात असतात. मग कुणी आजारी पडतं, पावसात मढचा रस्ता बंद होतो, चॅनलला एक ट्रॅक, म्हणजे कथेतला एक धागा, आवडत नाही आणि तीन भाग परत शूट होतात. बँक उतरत उतरत शून्यावर येते. मग सकाळी शूट केलेला सीन दुपारी एडिटला आणि रात्री टीव्हीवर. दोन युनिट लावली जातात आणि नायिकेला एका युनिटमधून दुसऱ्यात पळवलं जातं. त्यात चॅनल महासप्ताह जाहीर करतं, की सोमवार ते शनिवारचे सहा भाग सातावर जातात.

आणि गुरुवार. दर गुरुवारी बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे आकडे येतात, आधीच्या शनिवार ते शुक्रवार या आठवड्याचे. देशभरातल्या पन्नास हजारांवर घरांतल्या यंत्रांवरून निघालेले हे आकडे कुणाचा ट्रॅक वाढणार आणि कुणाचा कापणार ते ठरवतात. गुरुवारी दुपारी सेटवर कोण किती हसतंय यावरून आकडा ओळखता येतो. आकडा पडला की लेखकाला फोन, नवीन पात्राचा प्रवेश, लीप (कथा एकदम काही वर्षं पुढे), अपघात, स्मृतिभ्रंश. नटाला बहुतेकदा पुढचे सीन वाचूनच कळतं. तुमच्या पात्राला मामाच्या गावाला किंवा अमेरिकेला पाठवलं तर समजावं की दार थोडं उघडं आहे. फोटोला हार घातला तर विषय संपला. आणि काहीच न होता फक्त कॉल यायचे कमी झाले, महिन्याचे सोळाचे नऊ आणि नवाचे चार, तर हे सगळ्यात वाईट. कारण करारातून मोकळीक नाही आणि कामही नाही. अशा वेळी मालिकेची कथा सांभाळणाऱ्या क्रिएटिव्ह टीमला न चिडता एक ओळीचा मेल टाकायचा: पुढच्या दोन महिन्यांत किती दिवस लागतील ते कळवा, म्हणजे इतर तारखा देता येतील. फोन नको, मेल. उत्तर आलं तर नियोजन होतं, नाही आलं तर तो कागद पुढे उपयोगी पडतो.

काम नाही तर दाम नाही, हा नियम किती कोरडा आहे ते करोनात दिसलं. मार्च 2020 च्या मध्यावर शूटिंग थांबलं ते जूनच्या शेवटाशेवटाकडे पुन्हा सुरू झालं. राज्याच्या नियमात 65 वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर बंदी होती. आजी-आजोबांच्या भूमिका करणाऱ्यांची कमाईच बंद झाली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, पण तोवर कित्येक मालिकांमधल्या आज्या 'तीर्थयात्रेला' गेल्या होत्या. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा शूटिंग बंद झालं तेव्हा युनिटं गोवा, दमण, सिल्वासा, हैदराबादला हलली. मे महिन्यात गोव्यानेही परवानग्या काढून घेतल्या आणि माणसं पुन्हा बॅगा भरू लागली. हॉटेलात किती खोल्या परवडतात यावर कोणती पात्रं न्यायची ते ठरलं. सासू, नायिका, नायक गेले. शेजारीण, काका, दूधवाला राहिले. राहिलेल्यांना त्या महिन्यात शून्य.

कराचा भाग कंटाळवाणा आहे, पण नटांचे पैसे सगळ्यात जास्त इथेच हरवतात. बिलातून दहा टक्के टीडीएस कापला, म्हणजे तो सरकारकडे जमा झालाच असं नाही. 2021 मध्ये एका मराठी मालिकेच्या कलाकारांनी थकलेल्या मानधनाबद्दल समाजमाध्यमांवर उघड लिहिलं, तेव्हा कापलेला टीडीएस भरलाच नसल्याची तक्रारही त्यात होती. हे स्वतः तपासता येतं. आयकराच्या पोर्टलवर लॉगिन करून फॉर्म 26एएस दर तीन महिन्यांनी उघडायचा. एप्रिल ते जूनचं टीडीएस विवरण 31 जुलैपर्यंत भरायचं असतं, म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर त्या कपाती दिसायला हव्यात. दिसल्या नाहीत तर लगेच निर्मात्याच्या अकाउंटंटला विचारा. मालिका चालू असेपर्यंत उत्तर मिळतं.

दुसरा खड्डा जीएसटीचा. वर्षाच्या बिलांची बेरीज वीस लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते आणि बिलावर अठरा टक्के लावावे लागतात. गोम अशी की जीएसटी बिल केल्याच्या महिन्यावर देय होतो, पैसे आल्यावर नव्हे. दोन लाखांचं बिल केलं तर छत्तीस हजार रुपये पुढच्या महिन्यात खिशातून भरायचे, आणि निर्मात्याकडून ते येणार तीन महिन्यांनी. म्हणून यशस्वी नटसुद्धा कागदावर श्रीमंत आणि बँकेत कोरडे दिसतात. वेगळं खातं उघडून प्रत्येक पेमेंटमधला तिसरा हिस्सा तिथे टाकायचा आणि त्याला कर भरण्यापलीकडे हात लावायचा नाही, ही साधी सवय भल्याभल्यांना लागत नाही. विवरणपत्र मात्र काम नसलेल्या वर्षीही भरा. गृहकर्जाला बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते, आणि 'सर, तुमची मालिका आमच्या घरी बघतात' म्हणणारा मॅनेजरसुद्धा मधलं एक वर्ष गायब दिसलं की फाइल बाजूला ठेवतो.

ऑडिशनबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळीकडे बोललं जातंच. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. कार्ड काढून देतो, वर्कशॉप करा मग भूमिका नक्की, पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडे करा, असं म्हणणारा माणूस भूमिका देणारा नसतो. पुरुषोत्तम करंडक, सवाई, आयएनटी, राज्य नाट्य स्पर्धा अशा स्पर्धांतून आजही मालिकांसाठी माणसं उचलली जातात, आणि पोर्टफोलिओवर तीस हजार घालवण्यापेक्षा एक चांगली एकांकिका जास्त कामाला येते. नकार मिळाला तर त्याचं कारण बहुतेकदा अभिनय नसतो; जोडीदारापेक्षा उंची दोन इंच जास्त भरते, किंवा चेहरा चालू मालिकेतल्या कुणासारखा दिसतो. मॉक शूटला तीन-चार जोड्या उलटसुलट लावून बघतात. त्यानंतर 'तुम्हाला होल्डवर ठेवलंय' असा निरोप येतो. होल्डचे पैसे नसतात, म्हणून होल्डची मुदत आपणच ठरवून सांगायची: अमुक तारखेपर्यंत थांबतो, पुढे दुसरीकडे हो म्हणेन.

घरच्या पातळीवर जे होतं त्याला नाव देणं कठीण आहे. रोज रात्री आठला आई टीव्हीवर मुलाला बघते आणि मुलगा चार महिने घरी आलेला नसतो. सण तर सेटवरच साजरे होतात, तेही दोन आठवडे आधी, कारण दिवाळीचा भाग दिवाळीत दाखवायचा तर शूट आधी हवं. खऱ्या दिवाळीला सेटवर तुळशीच्या लग्नाची तयारी. सेट वाई, सातारा किंवा कोल्हापूरला असेल तर वर्ष-दीड वर्ष हॉटेलच्या खोलीत. आकेरी, वसगडे या गावांची नावं मालिकांमुळे घरोघरी पोचली. तिथे राहून काम करणाऱ्यांचं मुंबईतलं भाडं मात्र चालूच असतं. खलनायिका साकारणारीला भाजी घेताना शिव्या ऐकाव्या लागतात. तिला त्याचं कौतुक वाटावं अशी अपेक्षा असते. फोनवर रोज दोनशे घाणेरडे मेसेज आले तर कौतुक फार काळ टिकत नाही. टिप्पण्या वाचायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं, आणि झोप उडाली, खाणं सुटलं, सेटवर जायची भीती वाटू लागली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि चॅनलला कळत नाही.

मालिका संपते तेव्हा साधारण दोन-तीन आठवडे आधी कळतं, कधी त्याहूनही उशिरा. त्यावेळी शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे यायचे बाकी असतात. ही वरवर बघता गंगाजळी वाटते, पण तिच्यावर भरवसा ठेवू नये. मालिका चालू असताना नट 'उद्या येत नाही' म्हणू शकतो. संपल्यावर त्याच्या हातात काहीच उरत नाही, आणि बिलं लटकतात ती नेमकी शेवटचीच. म्हणून संपायची कुणकुण लागताच सगळ्या महिन्यांच्या दिवसांची यादी करायची, कॉलचे मेसेज जपायचे, आणि प्रॉडक्शनकडून आकडा मेलवर कबूल करून घ्यायचा. 'एवढे दिवस, एवढी रक्कम, बरोबर आहे ना' एवढंच. मुदत टळली तर आधी लेखी आठवण, मग सिंटा या कलाकारांच्या संघटनेकडे तक्रार. तिथे करार, बिलं आणि दिवसांचा पुरावा मागतात. तोंडी गोष्टींवर काही होत नाही. सभासदत्व मालिका मिळाल्यावर लगेच घ्यायचं, भांडण झाल्यावर नव्हे. कोर्टात जायची वेळ आलीच तर वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. लोक नाव खराब होईल म्हणून दोन वर्षं गप्प बसतात आणि मग वकील शोधायला लागतात.

शेवटच्या आठवड्यात आपले चार-पाच चांगले सीन मागून घ्या किंवा उतरवून ठेवा. अ‍ॅपवरून जुने भाग कधी जातील याचा नेम नसतो, आणि पुढच्या ऑडिशनला शोरील लागतंच. मेकअप दादा, स्पॉट दादा, असिस्टंट यांचे नंबर घेऊन ठेवा. पुढच्या मालिकेची बातमी चॅनलच्या आधी त्यांच्याकडे पोचते. आणि केस कापायची, दाढी काढायची घाई नको. शेवटचा भाग दाखवून होईपर्यंत पॅचवर्कचा फोन येऊ शकतो, एखाद्या राहिलेल्या क्लोजसाठी. गेलात तर त्या दिवसाचंही बिल लावा.